शोथ, शोष आणि साठा : मेंदूतील हॉर्मोनांविषयीच्या मराठी शास्त्रीय गद्याचे परीक्षण

मराठीतील शास्त्रीय लेखनाची चर्चा बहुतेक वेळा परिभाषेपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. एखादी संज्ञा घ्यावयाची, ती बोजड आहे की सुबोध याचा निवाडा करावयाचा, आणि पर्यायी संज्ञा सुचवून मोकळे व्हावयाचे, असा या चर्चेचा ठरलेला मार्ग आहे. १९६२ साली शासनाचा पदनाम कोश निघाला तेव्हा ‘बदनाम कोश’ म्हणून त्याची जी संभावना झाली, तीही नामांचीच होती. क्रियापदांची अशी झडती क्वचितच घेतली गेली. वस्तुतः शास्त्रीय विधानाचा भार नामावर जितका असतो त्याहून अधिक क्रियापदावर असतो. कोणी काय केले, काय आपोआप झाले, काय वाढले आणि काय नुसते उरले, हे सारे क्रियापद सांगते. नाम कितीही काटेकोर असले तरी क्रियापद ढिले असेल तर विधान ढिलेच राहते.

याची कसोटी पाहावयाची तर विषय असा हवा की ज्यात सर्व काही घडामोडींच्या दिशेवर अवलंबून आहे. प्राण्याचे पाणी तोडले आणि त्याला शोथावरील औषधे दिली, तर त्याच्या मेंदूतील हॉर्मोनांच्या साठ्याचे काय होते, हा असा एक विषय आहे. आणि मराठी गद्याची कसोटी पाहावयाची तर वाईकडे वळणे क्रमप्राप्त होते. प्राज्ञपाठशाळा आणि धर्मकोश यांच्यामुळे कृष्णाकाठच्या या गावाला कोशरचनेची परंपरा आधीच होती. १९६० साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे अध्यक्ष झाले, आणि मराठी विश्वकोशाचे कार्य वाईत उभे राहिले. परिभाषासंग्रहाचा खंड १९७३ साली, म्हणजे १९७६ च्या पहिल्या खंडाच्याही आधी, वाचकांच्या हाती आला. हा क्रम बोलका आहे. आधी नामे निश्चित करावयाची, मग वाक्ये लिहावयाची, अशी ती योजना होती. २० खंडांचे काम पाहता ही योजना चुकीची ठरली असे कोणी म्हणणार नाही. परंतु तिच्यामुळे नामांवर जेवढा खल झाला तेवढा वाक्यांवर झाला नाही.

प्रथम विषय समजून घेतला पाहिजे. मेंदूच्या तळाशी अधोथॅलॅमस नावाचा भाग आहे. शालेय पुस्तके त्याला ‘अधश्चेतक’ म्हणतात. तेथील मोठ्या तंत्रिका कोशिकांच्या पुंजांत व्हॅसोप्रेसिन आणि ऑक्सिटोसिन ही दोन हॉर्मोने तयार होतात. दोन्ही आकाराने लहान, प्रत्येकी ९ ॲमिनो अम्लांची. न्यूरोफायसिन या प्रथिनाबरोबर सूक्ष्म कणिकांत बांधली जाऊन ती कोशिकांच्या लांब तंतूंतून खाली उतरतात, पोष ग्रंथीच्या पश्च खंडात येऊन थांबतात, आणि इशारा मिळताच रक्तात सोडली जातात. व्हॅसोप्रेसिनमुळे वृक्क, म्हणजे मूत्रपिंड, मूत्रातील पाणी परत शोषून घेते; ऑक्सिटोसिनमुळे गर्भाशय आकुंचन पावते आणि आचळात दूध उतरते.

ही व्यवस्था ध्यानात यायला बराच काळ लागला. पश्च खंडाच्या अर्कात सामर्थ्यवान द्रव्ये आहेत हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कळले होते. म्हणून ती तेथेच बनत असावीत असा समज होता. एर्न्स्ट शारर याने १९२८ साली माशांच्या मेंदूत ग्रंथींसारख्या दिसणाऱ्या तंत्रिका कोशिका दाखविल्या, तेव्हा त्याच्यावर फारसा कोणाचा विश्वास बसला नाही. व्होल्फगांग बार्गमान याने १९४९ साली एका विशिष्ट रंजकाने अधोथॅलॅमसपासून पश्च खंडापर्यंतचा सारा मार्ग रंगवून दाखविला. पुढे मधला देठ तोडून पाहिले असता द्रव्य तोडलेल्या जागेच्या वरच्या अंगाला तुंबले. पश्च खंड हा कारखाना नसून कोठार आहे, हे त्यानंतर ठरले. विन्सेंट द्यू व्हिन्यो याला ज्या संशोधनासाठी १९५५ चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात ऑक्सिटोसिनच्या कृत्रिम घडणीचा प्रमुख वाटा होता.

भाषेच्या अभ्यासकाने या इतिहासातील एक गोष्ट टिपून ठेवण्यासारखी आहे. शारर याच्या शोधात एकही नवे नाम नव्हते. तंत्रिका ही संज्ञा जुनी, स्राव हीही जुनी. नवी होती ती कर्ता आणि क्रिया यांची जोडी : तंत्रिका स्रवते. विद्वानांना खटकली तीही हीच जोडी. तंत्रिकेने संदेश न्यावा आणि ग्रंथीने स्रवावे, अशी कामांची वाटणी त्यांच्या मनात पक्की होती.

आता संज्ञांकडे पाहू जाता वाईच्या संपादकांचे काम सामान्यतः भक्कम दिसते. ‘पोष ग्रंथि’ ही विश्वकोशाची संज्ञा, शाळांत रूढ झालेली ‘पीयूषिका’. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ आहे कफ. मेंदूतील कफ या ग्रंथीवाटे नाकात उतरतो अशी प्राचीनांची कल्पना होती. त्या चुकीच्या कल्पनेचे भाषांतर कोणी केले नाही हे बरे झाले. ‘पीयूषिका’ ही संज्ञा ध्वनिसाम्यावरून घडलेली उघड दिसते. पण संस्कृतात ‘पीयूष’ म्हणजे अमृत तसेच नुकत्याच व्यालेल्या गाईचे पहिले दूध, आपल्याकडचा चीक; आणि दूध उतरविणारे हॉर्मोन याच ग्रंथीतून सुटते. नकळत साधलेली अशी संगती परिभाषेच्या इतिहासात विरळाच. ‘हॉर्मोन’ हा शब्द विश्वकोशाने जसाच्या तसा घेतला. पाठ्यपुस्तकांनी ‘संप्रेरक’ स्वीकारला. स्टार्लिंगने १९०५ साली वापरात आणलेल्या मूळ शब्दाचा ग्रीक अर्थ ‘चालना देणारा’ असा असल्याने ‘संप्रेरक’ व्युत्पत्तीला धरून आहे. तथापि व्हॅसोप्रेसिनचे मुख्य काम मूत्राला आवर घालण्याचे. आवर घालणाऱ्याला प्रेरक म्हणणे विद्यार्थ्याला जरा अवघड वाटते, म्हणून येथे वाईचा निर्णय अधिक व्यवहार्य मानावा लागतो.

खरी अडचण येते ती शोथाच्या शब्दकुलात. रोमन लेखक सेल्सस याने सांगितलेली चार लक्षणे प्रसिद्ध आहेत : लाली, सूज, उष्णता आणि वेदना. मराठीतील प्रत्येक नाव यांपैकी एकेक लक्षण पकडते. ‘दाह’ उष्णता पकडतो. ‘शोथ’ मुळात सूज सांगतो. आणि औषधांना बाजारात सर्रास ‘वेदनाशामक’ म्हटले जाते. विश्वकोशाने ‘शोथ’ हा शब्द निवडून कंसात ‘दाहयुक्त सूज’ असा खुलासा जोडला. दोन लक्षणे एकत्र बांधणारी ही युक्ती साधी आणि उपयुक्त आहे. ‘दाहशामक’ म्हटले की सामान्य वाचकाला पोटातील जळजळीवरचे औषध आठवते, आणि ॲस्पिरिनच्या जातीची औषधे तर उलट पोटात जळजळ उत्पन्न करतात! ‘वेदनाशामक’ या नावाने झालेला घोटाळा याहून गंभीर आहे. डायक्लोफिनॅकमुळे गिधाडे मेली, हे संशोधन २००४ साली प्रसिद्ध झाले आणि २००६ साली भारतात जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. त्या वेळच्या वृत्तान्तांत हे औषध बहुधा ‘वेदनाशामक’ म्हणून आले. वेदना शमविणारे द्रव्य गिधाडाची मूत्रपिंडे कशी निकामी करते, हे त्या नावावरून कोणालाही उमगणार नाही. प्रोस्टाग्लँडिन नामक द्रव्यांची घडण रोखणे हे या औषधांचे मुख्य कार्य होय. ते जॉन व्हेन याने १९७१ साली दाखविले. वेदना थांबणे, सूज उतरणे आणि मूत्रपिंडातील रक्तप्रवाह घटणे या त्या एकाच कार्याच्या वेगवेगळ्या निष्पत्ती आहेत.

‘शोथ’ निवडताना मात्र एक धोका राहिला. या विषयात त्याच्या शेजारी ‘शोष’ येऊन बसतो. घशाला शोष पडतो तो हाच. आयुर्वेदात तो क्षयाचाही पर्याय आहे. शोथरोधी औषध आणि शोष पडलेला प्राणी हे एका वाक्यात आले, की मुद्रिताची तपासणी करणाऱ्याची परीक्षा होते. विश्वकोशाने पाणी घटण्याला ‘निर्जलीभवन’ ही संज्ञा वापरून हा पेच टाळला. आरोग्यविषयक पत्रकांत ‘जलशुष्कता’ रूढ आहे, अन्यत्र ‘निर्जलीकरण’. यांपैकी पहिल्या आणि शेवटच्या संज्ञेत एक भेद दडलेला आहे. संस्कृत व्याकरणात या प्रकारच्या रूपांत ‘कृ’ धातू आला की कोणी तरी करणारा असतो. ‘भू’ आला की ते आपोआप घडते. उन्हात, अतिसारात शरीराचे पाणी घटते ते निर्जलीभवन. प्रयोगकर्त्याने पिंजऱ्यातील उंदराची पाण्याची बाटली काढून घेतली तर ते निर्जलीकरण. मराठी लेखकांनी दोन्ही शब्द घेतले आणि हा भेद हरवला. बहुतेक ठिकाणी ते एकमेकांऐवजी वापरले जातात. याहून महत्त्वाचे असे की, प्रयोगशाळेत याचे दोन प्रकार आहेत. उंदराचे पाणी तोडले तर त्याचे रक्त दाट होते आणि आटतेही. पिण्यासाठी फक्त खारे पाणी ठेवले तर रक्त दाट होते, पण तितके आटत नाही. दोन्हींना ‘निर्जलीभवन’ हे एकच नाव दिले की व्हॅसोप्रेसिन कशामुळे सुटले हा प्रश्नच बुजतो. व्हर्नी याने १९४७ साली कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांवरून मेंदूला रक्ताच्या दाटपणाची जाणीव होते हे सिद्ध झाले. दाटपणात शेकडा १ ते २ एवढी वाढ झाली तरी हॉर्मोन सुटू लागते. रक्त आटल्याची जाणीव निराळ्या मार्गाने मेंदूपर्यंत जाते.

येथवर नामांचा विचार झाला. मूळ आक्षेप यापुढचा आहे. मराठी शास्त्रीय गद्यात या विषयावर वाक्य लिहिले गेले तर ते साधारणतः असे असेल : ‘निर्जलीभवनाचा व शोथरोधी औषधांचा पश्च खंडातील हॉर्मोनांच्या साठ्यावर परिणाम होतो.’ हे वाक्य नमुन्यादाखल रचलेले आहे. पण मराठी शास्त्रीय गद्याचा ज्याला सराव आहे त्याला त्याची धाटणी परिचित वाटेल. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे, त्यातील सर्व संज्ञा प्रमाण आहेत, आणि त्यात काहीही सांगितलेले नाही. साठा ही तीन क्रियांची शिल्लक आहे : घडविणे, उतरविणे आणि सोडणे. पाणी तोडलेल्या उंदराचा पश्च खंड तपासला तर साठा घटलेला दिसतो. त्याच वेळी रक्तातील व्हॅसोप्रेसिन वाढलेले असते, आणि अधोथॅलॅमसमध्ये ते घडविण्याचा संदेश वाहणारे आरएनएही वाढलेले असते. म्हणजे घडण जोरात आहे, सोडणे त्याहून जोरात आहे, म्हणून कोठार रिते होत आहे. ‘साठा कमी झाला’ एवढेच वाचणारा विद्यार्थी नेमका उलटा निष्कर्ष काढील की पाण्यावाचून मेंदूचे कार्य मंदावले.

सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठविण्याची जमिनीतील पेवे प्रसिद्ध आहेत. पेवातली हळद उतरली म्हणून पीक बुडाले, असे तेथील कोणताही व्यापारी म्हणणार नाही. तो बाजाराचा भाव आधी विचारील.

औषधांच्या बाबतीत गुंता वाढतो. शोथावरील औषधांचे दोन वर्ग आहेत. एक कॉर्टिसोनसारख्या स्टेरॉइडांचा; संधिवातावरील त्याच्या उपयोगाबद्दल हेंच आणि त्याच्या सहकाऱ्यांना १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले. या वर्गातील हॉर्मोने व्हॅसोप्रेसिनच्या सुटण्याला लगाम घालतात. अधिवृक्क ग्रंथी काढून टाकलेल्या प्राण्यात तो लगाम नाहीसा होतो. दुसरा वर्ग ॲस्पिरिन, फेनिलब्युटाझोन, इंडोमेथॅसिन यांचा. हा वर्ग प्रोस्टाग्लँडिने घडू देत नाही, आणि प्रोस्टाग्लँडिने मेंदूत एक काम करतात, वृक्कात दुसरे. मेंदूत ती दाट रक्ताच्या इशाऱ्यावर व्हॅसोप्रेसिन सोडण्यास साह्य करतात, असे प्राण्यांवरील अनेक प्रयोगांतून दिसले आहे, जरी सर्व प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. वृक्कात त्यांचे काम याच्या उलट : तेथे ती व्हॅसोप्रेसिनचा प्रभाव बोथट करतात. म्हणून औषध दिल्यावर थोडे हॉर्मोनही वृक्कात अधिक काम करते आणि शरीरात पाणी अधिक राखले जाते.

आता समजा, पाणी तोडलेल्या दोन उंदरांपैकी औषध दिलेल्याच्या पश्च खंडात साठा अधिक उरलेला आढळला. त्याचा अर्थ काय? मेंदूत हॉर्मोन सोडण्याची क्रिया मंदावली असेल. घडण वाढली असेल. किंवा वृक्काने पाणी अधिक राखल्यामुळे रक्त कमी दाट झाले आणि कोठाराकडे मागणीच कमी आली असेल. या तिसऱ्या शक्यतेत औषधाने मेंदूला हातही लावलेला नाही. केवळ साठा मोजून या तिन्हींतून निवड करता येत नाही. रक्तातील हॉर्मोन, मूत्राची दाटी आणि घडणीचा वेग ही तिन्ही मापे हवीत. ‘परिणाम होतो’ हे क्रियापद या तिन्ही शक्यतांना एकाच पांघरुणाखाली घेते.

मराठीला असा भेद दाखविण्याची साधने नाहीत असे नव्हे. ती विपुल आहेत, आणि खेदाची बाब हीच की शास्त्रीय गद्य ती दाराबाहेर ठेवते. ‘औषधाने साठा राखला’, ‘औषधामुळे साठा राहिला’ आणि ‘औषध दिल्यावर साठा राहिलेला दिसला’ या तीन वाक्यांत कार्यकारणाच्या तीन पायऱ्या आहेत. पहिल्यात औषध कर्ता आहे. दुसऱ्यात ते दूरचे कारण आहे. तिसऱ्यात केवळ काळाचा क्रम सांगितला आहे, कारणाचा दावाच नाही. प्रयोगाचा वृत्तान्त बहुधा तिसऱ्या पायरीवर थांबावयास हवा. ‘-ने’, ‘-मुळे’ आणि ‘-वर’ यांतील हा फरक निरक्षर शेतकऱ्यालाही कळतो. ‘-चा परिणाम’ या षष्ठीच्या रचनेत तो नाहीसा होतो.

‘स्राव’ हा शब्दही असाच दोषी आहे. मराठी वैद्यकीय गद्यात तो स्रवलेल्या द्रव्यालाही लावतात आणि स्रवण्याच्या क्रियेलाही. शिवाय घडण आणि सोडणे या दोन्ही टप्प्यांना. ‘स्राव वाढतो’ म्हणजे अधोथॅलॅमसमध्ये अधिक हॉर्मोन बनते, की पश्च खंडातून अधिक सुटते? याला उत्तर म्हणून ‘मोचन’, ‘उत्सर्जन’ अशी आणखी नामे घडविणे हा परिभाषाकारांचा नित्याचा मार्ग; परंतु ‘घडते’, ‘उतरते’, ‘साठते’, ‘सुटते’ ही चार क्रियापदे भाषेत आधीपासून आहेत आणि चारही या व्यवस्थेच्या टप्प्यांना तंतोतंत लागू पडतात.

यातील ‘उतरणे’ हे क्रियापद गोठ्यातून आलेले आहे. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जनावरे पाळली त्याच्या भाषेत ऑक्सिटोसिनच्या कार्याचे वर्णन शास्त्राच्या आधीच पूर्ण झालेले आढळते. मराठीत दूध वेगळे आणि पान्हा वेगळा. वासरू लुचले की गाय पान्हवते. अनोळखी माणूस धारेला बसला, किंवा गाय बुजली, तर ती पान्हा चोरते. ‘पान्हा चोरणे’ या प्रयोगात नेमका तो भेद आहे जो प्रस्तुत विषयात हवा : आचळात दूध आहे, साठा भरलेला आहे, परंतु सोडण्याचा इशारा आलेला नाही. मोल्स्वर्थच्या कोशापासून मराठी कोशांनी ‘पान्हा’ नोंदविलेला आहे. शरीरक्रियाविज्ञानाच्या लेखकाने त्याऐवजी ‘दुग्धस्राव’ लिहिले, की पान्हा आणि दूध यांतील भेद पुसला जातो, आणि मग तोच भेद समजावून सांगण्यासाठी आणखी एक परिच्छेद खर्ची पडतो.

विश्वकोशाच्या बाजूने दोन गोष्टी सांगता येतील. कोशातील नोंदीला जागेची मर्यादा असते. प्रयोगामागील सर्व शक्यता तेथे मांडता येत नाहीत, आणि सामान्य वाचकाला त्या हव्या असतात असेही नाही. दुसरे, भावे आणि कर्मणी रचनांनी लेखनाला एक तटस्थता येते, ती शास्त्राला साजेशी मानली गेली. पहिला मुद्दा मान्य करावयास हवा. दुसरा मात्र तपासून घ्यावा लागतो. ‘साठा घटल्याचे दिसून येते’ या रचनेत निरीक्षकाने स्वतःला पुसून टाकले आहे, हे ठीक. पण त्याच रचनेने निरीक्षण आणि अनुमान यांच्यातील सीमाही पुसली आहे. पश्च खंडातील रंग फिका झाला, हे दिसले. साठा घटला, हे त्यावरून काढले. तटस्थता दाखविण्यासाठी योजलेली रचना येथे अनुमानाला निरीक्षणाचा वेष देते. शिवाय विश्वकोशाच्या कंसांतील खुलासे, जे त्याचे मोठे भूषण आहे, ते जवळजवळ सर्व नामांचे आहेत. क्रियापदाला कंस जोडावा अशी कल्पनाच परिभाषासंग्रहाच्या घाटात बसत नव्हती.

या उणिवेचे एक कारण विषयाच्या भौगोलिक स्थितीतही आहे. नागपूर विद्यापीठात माशांच्या मेंदूतील स्रावी तंत्रिकांवर अनेक वर्षे संशोधन झाले. ते अर्थातच इंग्रजीत प्रसिद्ध झाले. प्रयोग करणारा आणि मराठीत नोंद लिहिणारा या दोन व्यक्ती सहसा निराळ्या असतात. नोंद लिहिणाऱ्याच्या हाती निष्कर्ष येतो, प्रयोग येत नाही. आणि निष्कर्षाचे भाषांतर नामांनी भागते. प्रयोगाचे वर्णन करावयाचे तर कोणी काय तोडले, काय पाजले, कधी मोजले हे सांगावे लागते आणि तेथे क्रियापदावाचून गत्यंतर नसते.

शेवटी काळाचा प्रश्न राहतो. साठ्याचे माप हे एका क्षणाचे माप असते, आणि एका उंदराचा पश्च खंड एकदाच काढता येतो. म्हणून साठा कसा बदलत गेला हे निरनिराळ्या दिवशी मारलेल्या निरनिराळ्या उंदरांवरून जुळवावे लागते. मराठी संयुक्त क्रियापदांना हे काम चांगले जमते : साठा ‘घटला’, ‘घटत गेला’, ‘आटत आला’, ‘भरून निघाला’ यांत प्रत्येकी निराळा आलेख आहे. पाणी परत दिल्यावर तर दोन घड्याळे एकाच वेळी चालतात. प्राणी पाणी पिऊ लागताच, ते पाणी रक्तात मिसळण्यापूर्वीच, काही मिनिटांत व्हॅसोप्रेसिन सुटणे कमी होते; कोठार भरत यायला मात्र दिवस लागतात. तहान भागलेली असते आणि साठा अजून भरत असतो. ‘पाणी दिल्यावर परिणाम नाहीसा होतो’ असे लिहिणाऱ्याने यांपैकी कोणते घड्याळ पाहिले, हे त्याच्या वाक्यावरून सांगता येत नाही.